परदेशातल्या ज्युदो स्पर्धेचं आमंत्रण आलंय; मुलाला आणि मुलीला पाठवू का?

दादा, आधी उत्तर देतो, मग कारणं. या आमंत्रणावर पैसे भरू नका. दोन्ही लेकरांसाठी आंतरराष्ट्रीय ज्युदोचं जे स्वप्न बघताय ते मात्र सोडू नका. त्याची वाट वेगळी आहे, एवढंच.

तुम्ही लिहिलंय ते असं: कागलजवळचं गाव. मुलगी सोळाची, आधी गावच्या तालमीत कुस्ती आणि आता तीन वर्षं ज्युदो, ५७ किलोखालील गटात राज्य शालेय स्पर्धेत रौप्य. मुलगा एकोणीसचा, ८१ किलोखालील गटात खेळतो, राज्यात पदक नाही पण अंगात ताकद भरपूर. कुणीतरी फोन करून ‘पुरुष व महिला आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धे’ला दोघांची निवड झाल्याचं सांगितलं, माणशी मोठी रक्कम आठ दिवसांत भरायची आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पाठवावं का, अशा स्पर्धेत बाई-पुरुषांचं नेमकं कसं चालतं, आणि तालमीतल्या कुस्तीचा तिथं काही उपयोग होतो का. मी कोल्हापुरात बरीच वर्षं ज्युदो शिकवतोय, पंच म्हणून मॅटवर उभा राहतो, संघांबरोबर बाहेरही गेलोय. त्या अनुभवातून सांगतो.

स्पर्धा खरी कोणती हे तपासणं अवघड नाही. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ आणि त्याच्याखाली आशियाची ज्युदो संघटना, या दोघांचं वर्षभराचं वेळापत्रक उघड प्रसिद्ध असतं. तुमच्या स्पर्धेचं नाव, गाव आणि तारीख त्यात आहे का बघा. दुसरी खूण याहून पक्की आहे. रँकिंगच्या स्पर्धांची प्रवेशिका खेळाडू भरत नाही, क्लब भरत नाही, एजंट तर नाहीच नाही. ती देशाच्या महासंघाकडून जाते, खेळाडूची नोंद आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीत असावी लागते, आणि एका देशाला एका वजनगटात ठरावीकच जागा असतात. ग्रँड स्लॅम या वरच्या दर्जाच्या स्पर्धेला पाहुण्या देशाचे गटात फार तर दोन. अख्ख्या भारतातून दोन! आता विचार करा, राज्यात पदक नसलेल्या मुलाची ‘निवड’ फोनवर कशी झाली असेल?

अशी खुली आमंत्रणं देणारे सगळेच फसवे असतात असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी खरोखर लढती होतात, चार देशांतले क्लब येतात, पोरांना विमान बघायला मिळतं. पण गटात तीन-चार जण, त्यातले दोघं आपल्याच राज्यातले, आणि पदक सगळ्यांना. गावात हार-तुरे होतात, बॅनर लागतो. पुढं नोकरीच्या वेळी ते प्रमाणपत्र घेऊन मुलगा क्रीडा खात्याकडे जातो तेव्हा खरी परीक्षा होते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याआधी प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि स्पर्धा मान्यताप्राप्त होती का हे बघितलं जातं. त्या टप्प्यावर रडणारी पोरं मी पाहिलीत. म्हणून पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, आमंत्रणाचं पत्र दाखवा आणि ही स्पर्धा ग्राह्य धरली जाते का ते विचारा. शक्यतो लेखी उत्तर मागा. एक अर्धा दिवस जाईल.

अस्सल आंतरराष्ट्रीय ज्युदोचा जिना कसा आहे तेही समजून घ्या, कारण ‘आंतरराष्ट्रीय’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्या लपतात. सगळ्यात खाली खंडीय ओपन, जिंकणाऱ्याला १०० गुण. त्यावर ग्रँड प्रिक्स, ७०० गुण. मग ग्रँड स्लॅम, १००० गुण. पॅरिस, टोकियो, बाकू, ताश्कंद ही त्यातली नावं. मग मास्टर्स १८००, जागतिक अजिंक्यपद २००० आणि ऑलिंपिक २२००. ऑलिंपिकचं तिकीट मुख्यतः याच गुणांवर ठरतं. ही झाली सिनियरची गोष्ट. तुमची मुलगी कॅडेट वयात आहे, म्हणजे अठराच्या आतली, आणि मुलगा ज्युनियर, म्हणजे एकविसाच्या आतला. या दोन्ही वयांसाठी आशियाई आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या होतात. तुमच्या घरासाठी दार आहे ते हे. त्या दारापर्यंत जायचं ते जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि मग निवड चाचणी या क्रमानं. ऑगस्ट २०२२ मध्ये सारायेव्होला मणिपूरच्या लिंथोई चनंबमनं कॅडेट जागतिक अजिंक्यपद जिंकलं, ५७ किलोखालील गटात. ज्युदोत कुठल्याही वयोगटात जागतिक विजेती झालेली ती पहिली भारतीय. तेव्हा ती तुमच्या मुलीएवढीच होती, गटही तोच. ती तयार झाली कर्नाटकातल्या विजयनगरच्या संस्थेत, म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, जॉर्जियन प्रशिक्षकाच्या हाताखाली. तुमच्या लेकीला हे नाव पाठ पाहिजे.

आता स्पर्धेचा दिवस. हा मी जरा सविस्तर सांगतो, कारण घरातल्या माणसांना तो दिसत नाही आणि पोरं तिथं गेल्यावर निम्मी त्यातच गळतात.

वजन आदल्या संध्याकाळी होतं. आपल्या पोरांना वाटतं, वजन झालं की सुटलो, आता खाऊ. पण स्पर्धेच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून काही जणांचं वजन पुन्हा घेतात, आणि ते गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त भरलं तर खेळाडू बाद. ५७ किलोच्या मुलीसाठी ही सीमा ५९.८५ किलो होते. रात्रीतून चार किलो पाणी आणि भात पोटात भरणारी मुलगी सकाळी काट्यावरच हरू शकते. त्यानंतर ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची तपासणी. बाही मनगटापर्यंत हवी, कोटाची लांबी आणि सैलपणा मोजपट्टीनं बघतात, पट्ट्याची टोकं गाठीपासून २० ते ३० सेंटिमीटर. मुलींना आतून साधा पांढरा टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले आणि त्यात पिन किंवा कसलीही टणक वस्तू नको. ज्याचं नाव आधी पुकारतात तो पांढऱ्या पोशाखात, दुसरा निळ्या. म्हणजे दोन्ही रंगांचे संच स्वतःचे पाहिजेत. आपल्याकडे पोशाख नवा घेतात आणि तसाच बॅगेत भरतात. दोन-तीन धुण्यांत सुती कापड आटतं आणि जी बाही दुकानात बरोबर होती ती दोन बोटं वर जाते. आधी धुवा, वाळवा, मग मोजा. आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात जाड ज्युदोगी दोन दिवस वाळत नाही, हे धरून दिवस मोजा.

मग ड्रॉ. पहिल्या आठ मानांकितांना वेगवेगळ्या जागी बसवतात, बाकीचे नशिबानं. तुमचा मुलगा पहिल्याच लढतीत जगातल्या तिसऱ्या क्रमांकासमोर उभा राहू शकतो. आणि लक्षात ठेवा, हरलेल्याला पुन्हा संधी देणारा रेपेचाज फक्त उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचलेल्यांसाठी असतो. त्याआधी हरला की दिवस संपला. म्हणजे एवढा प्रवास, व्हिसा, वजन आणि सराव, आणि मॅटवर कदाचित अर्धा मिनिट. हे आपल्या सर्वोत्तम खेळाडूंच्याही वाट्याला आलंय. सुशीलादेवी लिकमाबाम टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची एकमेव ज्युदोपटू होती, राष्ट्रकुलात दोन रौप्यं मिळवणारी. ती पहिल्या लढतीत हंगेरीच्या एव्हा चेर्नोविच्कीकडून हरली. २०२४ ला पॅरिसमध्ये तूलिका मान पहिल्याच लढतीत क्यूबाच्या इदालिस ऑर्टिझसमोर आली, आणि ऑर्टिझकडे तेव्हा चार ऑलिंपिक पदकं होती. या दोघींना कमी लेखायला मी हे सांगत नाही. उलट त्यांनी जे गाठलं ते किती अवघड आहे हे यातून कळावं.

लढत ४ मिनिटांची, पुरुषांना तेवढीच आणि बायकांनाही तेवढीच. पूर्वी पुरुषांची ५ मिनिटांची होती. बरोबरी झाली तर गोल्डन स्कोर, म्हणजे जादा वेळेत जो आधी गुण घेईल तो जिंकला; त्याला वेळेची मर्यादा नाही. पाठीवर जोरात, वेगानं आणि ताबा ठेवून टाकलं की इप्पॉन, खेळ खलास. त्याहून उणं असेल तर वाझा-आरी, दोन वाझा-आरी म्हणजे इप्पॉन. त्याहून छोटा गुण म्हणजे युको; २०१७ ला काढून टाकलेला तो २०२५ पासून परत आलाय. खाली दाबून धरलं तर ५ सेकंदांना युको, १० ला वाझा-आरी, २० ला इप्पॉन. तीन शिदो, म्हणजे नियमभंगाच्या शिक्षा, झाल्या की बाद. प्रशिक्षक मॅटच्या कडेला खुर्चीत असतो, पण लढत चालू असताना त्यानं बोलायचं नाही. पंचानं ‘माते’ म्हणून थांबवलं की तेवढ्यातच काय ते सांगायचं. खासबाग मैदानावर वस्ताद कडेनं ओरडून डाव सांगतो त्या सवयीत वाढलेल्या पोराला ती शांतता फार अवघड जाते. म्हणून मी माझ्या पोरांना सरावातही लढत चालू असताना काही सांगत नाही.

बाई-पुरुषांचं विचारलंत. दोघांचे वजनगट सात-सात. पुरुषांचे ६०, ६६, ७३, ८१, ९०, १०० आणि १०० च्या वर. महिलांचे ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ आणि ७८ च्या वर. त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी, त्याच मॅटवर, आलटून पालटून. बहुतेक मोठ्या स्पर्धांत पहिल्या दिवशी हलके गट, शेवटच्या दिवशी वजनदार. एकाच बसमधून येतात, एकाच सराव हॉलमध्ये गरम होतात. हे आपोआप झालेलं नाही. पुरुषांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद १९५६ ला टोकियोत झालं, महिलांचं पहिलं थेट १९८० ला न्यूयॉर्कमध्ये. ऑलिंपिकमध्ये पुरुष १९६४ ला आले, महिला पदकासाठी खेळल्या त्या १९९२ च्या बार्सिलोनात. न्यूयॉर्कची ती स्पर्धा रस्टी कानोकोगी या बाईनं उभी केली. १९५९ ला पुरुष म्हणून एका स्पर्धेत उतरून तिनं लढत जिंकली होती, आणि ती बाई आहे हे कळल्यावर तिचं पदक काढून घेतलं होतं. आज जी मुलगी निळी ज्युदोगी घालून मॅटवर जाते तिच्यासाठी कुणीतरी ही किंमत मोजलीय, हे मी दर नव्या मुलीला सांगतो.

२०१७ पासून जागतिक स्पर्धेत आणि टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक लढत आलीय. तीन पुरुष, तीन महिला, आणि ३-३ बरोबरी झाली तर चिठ्ठीनं एक गट काढून निर्णायक लढत. पॅरिसच्या अंतिम सामन्यात फ्रान्स आणि जपान ३-३ वर आले, चिठ्ठीत पुरुषांचा ९० किलोवरचा गट (सांघिक लढतीचे गट वेगळे असतात) निघाला आणि टेडी रिनेरनं फ्रान्सला सोनं दिलं. या प्रकारामुळे क्लबांचा विचारच बदलला. ज्या देशानं मुलींना मागं ठेवलं त्याचा पुरुष संघही आता पदकाला मुकतो. मी ही गोष्ट कोल्हापुरात मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे अजून बऱ्याच तालमींच्या आत मुलीला पाऊल टाकता येत नाही. तुम्ही तुमच्या लेकीला गावच्या तालमीत घातलंत, त्याला मोठं मन लागतं.

भावंडं म्हणून दोघांना एका घराचं उदाहरण सांगा: जपानचे आबे. टोकियो ऑलिंपिकमध्ये उता आबेनं ५२ किलोखालील आणि तिचा भाऊ हिफुमीनं ६६ किलोखालील गटात एकाच दिवशी सुवर्ण जिंकलं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये हिफुमीनं पुन्हा सोनं मिळवलं, पण उता दुसऱ्याच लढतीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाकडून इप्पॉननं हरली आणि मॅटशेजारी हमसून रडली. केल्दियोरोवानं पुढं त्या गटाचं सुवर्ण घेतलं. एका घरात एका दिवशी एक पोर जिंकणार आणि एक हरणार, याची तयारी आई-बापांनाही ठेवावी लागते. दोघांना एकाच वेळी पाठवायचा हट्ट त्यासाठीच नको.

आता तुमचा तिसरा प्रश्न, तालमीचा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

कुस्तीचा उपयोग होतो. जगात ज्युदोत जे पुढं आले त्यातले कितीतरी आपापल्या मातीतली कुस्ती घेऊन आले. १९६४ ला टोकियोत सोव्हिएत संघाच्या पोरांनी चार कांस्यं नेली, ती सांबो या त्यांच्या कुस्तीतून आलेली होती. जॉर्जियात कोट घालून खेळायची चिदाओबा नावाची जुनी कुस्ती आहे, आणि तो छोटा देश ज्युदोत अजूनही दबदबा राखून आहे. मंगोलियाचा तुवशिनबायार त्यांच्या पारंपरिक कुस्तीतून आला आणि २००८ ला बीजिंगमध्ये त्यानं देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, तेही ज्युदोत. तेव्हा आपल्या लाल मातीतून आलेल्या पोरीनं बिचकायचं कारण नाही. कमरेची ताकद, पायांचा तोल, समोरच्याचं वजन कधी सरकतं हे अंगाला कळणं, मान बळकट असणं, हे सगळं ती घेऊनच आलीय. धोबीपछाड येत असेल तर ज्युदोतला सेओई-नागे हा डाव शिकायला तिला वेळ लागणार नाही. टांग मारता येत असेल तर उची-माता जवळची आहे.

पण तीन सवयी मोडाव्या लागतात, आणि त्या मोडल्याशिवाय बाहेर पाठवणं म्हणजे लेकराला नियमांकडूनच हरवून आणणं आहे.

पहिली, पट. एकेरी पट, दुहेरी पट हे आपल्या पोरांचं रक्तातलं हत्यार. ज्युदोत उभ्यानं पायाला हात घालण्यावर २०१० ला मर्यादा आली आणि २०१३ ला पूर्ण बंदी. कलाजंगसारखा काता-गुरुमा आजही चालतो, पण पाय न धरता, निव्वळ बाही आणि खांद्याच्या जोरावर. लढत तापली, दम लागला की हात आपोआप खाली जातो आणि पंचाचं बोट वर येतं. मी पंच म्हणून कुस्तीतून आलेल्या पोरांना दिलेल्या बहुतेक शिक्षा याच्याच आहेत.

दुसरी सवय धोक्याची आहे: पूल बांधणं. कुस्तीत पाठ टेकू नये म्हणून डोकं आणि पायांवर कमान करून वाचतात, तालमीत त्याचं कौतुक होतं. ज्युदोत पडताना अशी कमान करून उतरलं तर तो सरळ इप्पॉन धरतात, आणि डोक्यावर भार घेऊन वाचायचा प्रयत्न खेळाडूला थेट बादही करू शकतो. नियम मानेसाठी केलाय. जपानमध्ये १९८३ पासूनच्या तीसएक वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली, बहुतेक डोक्याला मार लागून. म्हणून पडायला शिकणं, उकेमी, ही सुरुवातीची औपचारिकता नाही. तुमच्या लेकीनं मागं पडताना हनुवटी छातीला लावून हात मॅटवर आपटला पाहिजे, न विचार करता, दमलेली असतानाही. तेवढी खात्री होईपर्यंत तिला मी जड जोडीबरोबर सोडणार नाही.

तिसरी सवय पकडीची, आणि इथं सगळा खेळ आहे. कुस्तीत हात कातडीवर पडतो, घामानं सुटतो, पुन्हा पडतो. ज्युदोत हात कापडावर बसतो आणि बसला की सुटत नाही. एक हात बाहीवर, एक गळपट्टीवर. कुठल्या हातानं आधी धरायचं, समोरची डावखुरी असेल तर काय, तिनं मानेमागं हात टाकला तर खांदा कसा काढायचा, स्वतःची पकड न सोडता तिची कशी तोडायची, हे सगळं पहिल्या दहा सेकंदांत ठरतं. डाव पुढचा. आपली पोरं परदेशात हरतात ती बहुतेकदा डाव न येण्यानं हरत नाहीत. त्यांना पकडच मिळत नाही. फ्रान्स किंवा जॉर्जियाची मुलगी बाहीला धरते तेव्हा दरवाजाला कुलूप लागल्यासारखं होतं, आपलीला आयुष्यात तसा हात लागलेलाच नसतो. आणि हे हॉलमध्ये उचिकोमी, म्हणजे न टाकता एकच डाव पुन्हा पुन्हा मारून किंवा मोबाईलवर व्हिडिओ बघून येत नाही. वेगवेगळ्या, आपल्यापेक्षा भारी हातांत शेकडो वेळा सापडूनच येतं.

म्हणूनच मी परदेश दौऱ्याची किंमत एकाच मापानं करतो: तिथं माझ्या पोराला किती नव्या आणि भारी हातांची पकड लागणार? तुमच्या आमंत्रणाच्या स्पर्धेत फार तर दोन लढती, त्याही बहुधा ओळखीच्या पोरांशी. याउलट अनेक ग्रँड प्रिक्स आणि ग्रँड स्लॅमनंतर त्याच गावात काही दिवसांचं सराव शिबिर असतं. जानेवारीत ऑस्ट्रियातल्या मिटर्सिल गावी भरणारं शिबिर तर जगभर प्रसिद्ध आहे. अशा शिबिरात सकाळ-संध्याकाळ रँडोरी, म्हणजे सरावाच्या खुल्या लढती चालतात, एका मॅटवर पंचवीस-तीस देशांची माणसं. तिथं पोरगं रोज पडतं, रोज उठतं, आणि परत येतं तेव्हा त्याचे हात वेगळे असतात. कधी खरंच बाहेर पाठवाल तेव्हा स्पर्धेला जोडून शिबिर आहे का, हे आधी विचारा. नसेल तर दुसरी स्पर्धा शोधा.

तोवर भारतात हेच काम फार कमी पैशांत होतं. मणिपूर, दिल्ली, हरियाणा, पंजाब इथल्या मुलींचे हात आपल्या मुलींपेक्षा वेगळे आहेत. राष्ट्रीय स्पर्धा, खेलो इंडियाच्या मुलींसाठीच्या अस्मिता लीग, विद्यापीठ स्पर्धा, यातली प्रत्येक संधी घ्या. निजामुद्दीनची गाडी कोल्हापुरातूनच सुटते. त्या आमंत्रणाच्या निम्म्या रकमेत तुमची मुलगी उत्तरेत महिनाभर राहून सराव करू शकते. मुलालाही पाठवा, पण त्याचं गणित वेगळं आहे. ८१ किलो हा जगातला सगळ्यात गर्दीचा गट म्हणायला हरकत नाही, तो एकोणीसचा आहे आणि ज्युनियरचं त्याचं जेमतेम एक वर्ष उरलंय. त्याला मी आधी राज्यात पहिल्या तिघांत यायला सांगेन आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेवर लक्ष ठेवायला सांगेन. ताकदीच्या जोरावर राज्यात जिंकता येतं, पुढं नाही. मुलीकडे मात्र कॅडेटची संधी अजून हातात आहे. घरात पैसे मर्यादित असतील तर यंदा ते तिच्यावर लावा आणि मुलाला कारण मोकळेपणानं सांगा. एकोणीस वर्षांच्या पोराला खरं सांगितलेलं कळतं.

वजनाचं एक कळकळीनं सांगतो. तिला ५७ वरून ५२ ला उतरवायचा सल्ला कुणी देईल, ‘खालच्या गटात पदक सोपं’ म्हणून. ऐकू नका. वाढत्या वयातल्या मुलीचं पाणी तोडणं, प्लास्टिक गुंडाळून पळवणं, थुंकत बसवणं, हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत आणि मला ते सहन होत नाहीत. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकच्या तोंडावर दक्षिण कोरियाचा चुंग से-हून हा बावीस वर्षांचा ज्युदोपटू वजन उतरवता उतरवता वारला. तो त्यांच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी होता. तिला ५७ लाच राहू द्या, वाढली तर ६३ ला जाऊ द्या. खाणं घरचंच ठेवा: भाकरी, डाळ, दूध, अंडी, मटण. तालमीतली बदामाची थंडाई उत्तम. पण जिममधून आणलेल्या डब्यातली पावडर आणि कुणा वैद्याची ‘ताकदीची’ पुडी घरात येऊ देऊ नका; त्यात काय मिसळलंय ते कळत नाही, आणि उत्तेजक चाचणीत सापडल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ हे ऐकून घेत नाहीत.

धाकटी भाची दहा वर्षांची आहे आणि तिलाही ‘इंटरनॅशनल’ खेळवायचं म्हणता, त्यावर थोडक्यात: नको. जपानच्या ज्युदो महासंघानं २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, पालक आणि प्रशिक्षक काहीही करून जिंकण्याच्या मागं लागले म्हणून. ज्या देशानं हा खेळ जगाला दिला त्यानं हे ठरवलंय. भाचीला खेळू द्या, लोळू द्या, पडायला शिकू द्या.

पैशांबद्दल तुम्ही संकोचानं लिहिलंय की गावात वर्गणी काढायचा विचार आहे. त्यात लाज कसली? खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले ते लोकांनी उभ्या केलेल्या पैशांवर. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्या आधी १९४८ ला लंडनला पाठवताना कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. लंडनमध्ये खाशाबा सहावे आले. मातीतून गादीवर आलेल्या माणसाला तिथं नवे नियम, नवी पकड शिकावी लागली आणि चार वर्षांनी त्याच शिकण्यातून कांस्य आलं. पण गावानं पैसे दिले ते देशाच्या संघात जागा मिळवलेल्या पैलवानाला. तुमची लेक निवड चाचणीतून भारतीय कॅडेट संघात येऊ दे, मग वर्गणीची पावती मीही फाडेन, आणि कोल्हापुरात माझ्यासारखे खूप निघतील.

कोसोवोतलं पेया नावाचं गाव कोल्हापूर शहरापेक्षा कितीतरी लहान आहे. तिथल्या ड्रिटोन कुका या प्रशिक्षकाचं स्वतःचं १९९२ चं ऑलिंपिक युगोस्लाव्हिया फुटल्यामुळे हुकलं. त्यानं गल्लीतल्या पोरींना हाताशी धरलं. मायलिंडा केल्मेंडीनं २०१६ ला देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण आणलं, टोकियोत डिस्ट्रिया क्रास्निकी आणि नोरा ज्याकोवा यांनी आणखी दोन. तिघी एकाच डोजोच्या, म्हणजे ज्युदोच्या तालमीच्या. तिथं सरावाला बाहेरच्या देशांची माणसं येतात, कारण भारी हात तिथं आहेत. कोल्हापुरात तालमी आहेत, ताकद आहे, पोरं पहाटे उठतात, लोकांना मल्ल कळतो. ज्युदोसाठी इथं असं एक ठिकाण झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि तुमच्या लेकीसारख्या पाच-सहा मुली एकत्र आल्या तर ते होण्यासारखं आहे.

तर आता करायचं ते असं. आमंत्रण देणाऱ्याकडे तीन गोष्टी लेखी मागा: स्पर्धा कुठल्या अधिकृत वेळापत्रकात आहे, प्रवेशिका भारतीय महासंघाकडून जाणार का, आणि मागच्या वर्षी मुलीच्या गटात किती देशांच्या किती खेळाडू होत्या. उत्तर गोलमोल आलं तर विषय तिथंच संपला. राज्य संघटनेकडून यंदाच्या कॅडेट आणि ज्युनियर राज्य स्पर्धेच्या तारखा घ्या, दोघांचे पासपोर्ट मात्र आत्ताच काढून ठेवा, कारण निवड झाल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही. आणि येत्या रविवारी दोघांना घेऊन माझ्याकडे सरावाला या. येताना दोन धुणी झालेल्या ज्युदोगी आणा. मुलीला मी आधी डावखुऱ्या जोडीबरोबर उभी करणार आहे आणि पहिला तास फक्त बाही धरायला लावणार आहे.